अंगठा मागण्याचा अधिकार

खेळ शिकवणाऱ्याचा शिकणाऱ्या मुलावर किती अधिकार चालतो, हा प्रश्न क्रीडाशास्त्राचा कमी आणि धर्मविचाराचा जास्त आहे. प्रशिक्षक मुलाला पहाटे उठवतो, त्याच्या ताटात काय असावे ते ठरवतो, अंगाला हात लावून खांदा कुठे आणि पाय कुठे ते दाखवतो, दमल्यावरही आणखी दोन फेऱ्या मारायला लावतो. एरवी कोणत्याही परक्या माणसाला मुलावर एवढी सत्ता नसते. ती त्याला कशासाठी मिळाली, तिची हद्द कोणती, आणि हद्द ओलांडली गेली तर मुलाच्या बाजूने कोण उभे राहणार, याचा निवाडा झाल्याखेरीज लहान खेळाडूंच्या संरक्षणाचे बोलणे पोकळ राहते.

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१६ मध्ये तज्ज्ञांच्या एकमताने एक निवेदन प्रसिद्ध केले. त्यात खेळातील छळाचे प्रकार मांडले आहेत: मानसिक, शारीरिक, लैंगिक आणि दुर्लक्ष करून होणारा. मानसिक छळ बाकी सगळ्यांच्या मुळाशी असतो, हे त्यातले निरीक्षण फार महत्त्वाचे आहे. ज्या मुलाला रोज सगळ्यांसमोर हिणवले जाते, त्याचे ‘नाही’ म्हणण्याचे बळ आधीच खचलेले असते. पुढचे प्रकार त्या खचलेल्या जागेतून आत शिरतात.

पुण्याच्या खडकीत हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. मुळेच्या काठची ही छावणी १८१७ च्या ५ नोव्हेंबरला झालेल्या पेशवे-इंग्रज लढाईमुळे इतिहासात गेली. १८६९ पासून इथे दारूगोळा कारखाना आहे आणि बॉम्बे सॅपर्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लष्करी अभियंत्यांचे केंद्रही इथेच आहे. पलटणी आणि कारखाने यांच्या मोकळ्या मैदानांवर इथली हॉकी वाढली. धनराज पिल्ले १९६८ मध्ये याच खडकीत जन्मला. वडील ऑर्डनन्स फॅक्टरीच्या मैदानाची देखभाल करत. पोरे तुटक्या काठ्या बांधून, फेकून दिलेल्या चेंडूंनी खेळत. त्या मैदानावरून निघालेला मुलगा १९९२ ते २००४ अशा चार ऑलिंपिक स्पर्धा खेळला. खडकीच्या वस्तीत आजही एखाद्या आईला मुलाच्या हाती काठी द्यावीशी वाटते, ते या उदाहरणामुळे. घर बदलण्याची आशा त्या काठीत असते.

दुसरी वाट लष्कराच्या बॉइज स्पोर्ट्स कंपनीची. साधारण ८ ते १४ वयाची मुले चाचणी घेऊन निवडायची, त्यांना छावणीतच ठेवायचे, शाळा आणि खेळ दोन्ही द्यायचे, आणि वयात आल्यावर पात्र ठरतील त्यांना सैन्यात घ्यायचे, अशी ही योजना आहे. खडकीच्या अभियंता केंद्रात अशी कंपनी आहे. पुण्यातच मुंढव्याला आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट आहे. ऐझॉलचा जेरेमी लालरिनुंगा लहानपणीच पुण्याच्या या संस्थेत आला आणि २०१८ मध्ये पंधराव्या वर्षी ब्यूनस आयर्सच्या युवा ऑलिंपिकमध्ये वेटलिफ्टिंगचे सुवर्णपदक घेऊन गेला. गरीब घरातल्या मुलाला दोन वेळचे पोटभर जेवण, बूट, शाळा आणि पुढे नोकरी मिळवून देणारी ही व्यवस्था मोलाची आहे, हे आधी मान्य केले पाहिजे.

तिच्यातला नैतिक पेच त्या मोलातूनच येतो. दहा वर्षांचे मूल हजारो किलोमीटर दूर येते. शिकवणारा, जेवण देणारा, आजारी पडल्यावर दवाखान्यात नेणारा, सुट्टी मंजूर करणारा आणि संघ निवडणारा, ही सारी माणसे त्याच्या लेखी एकाच बाजूची असतात. निवासी क्रीडाप्रबोधिनी, तालीम, वसतिगृह, सगळीकडे हीच रचना आहे. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला क्रीडागुण आहेत, आणि या सगळ्याच्या मुळाशी एक प्रमाणपत्र असते. ते मिळण्याआधी संघात निवड व्हावी लागते, आणि निवडीच्या वेळी प्रशिक्षकाचा शब्द वजनदार असतो. मुलाने तक्रार केली तर ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच शब्दावर त्याचे भविष्य टांगलेले असते. माणूस चांगला असो वा वाईट, इतकी सत्ता एका हाती देणे चूक आहे. चांगल्या माणसाच्या भरवशावर चालणारी व्यवस्था वाईट माणूस येईपर्यंतच चालते.

मराठी मनात या सत्तेला एक पवित्र नाव आहे, गुरू. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात आचार्योपासनेचे जे दीर्घ विवेचन आहे, त्याने गुरुभक्तीला इथे अतिशय उंच जागा दिली. तालमीत वस्तादाच्या पाया पडल्याशिवाय मातीत उतरायचे नाही, ही रीत त्याच संस्काराची. तो संस्कार सुंदर आहे. मात्र अध्यात्मातल्या गुरूबद्दल जे म्हटले गेले ते सगळे कबड्डीच्या किंवा जलतरणाच्या प्रशिक्षकाला लागू करणे ही मोठी गल्लत आहे. मोक्षाच्या वाटेवरचा साधक प्रौढ असतो, आपल्या इच्छेने जातो आणि अहंकार सोडणे हेच त्याचे साध्य असते. मैदानावरच्या मुलाचा ‘मी’ अजून घडतो आहे. जो अहं अजून उभाच राहिलेला नाही, त्याच्याकडून समर्पण मागणे म्हणजे त्याला पायावर उभे राहण्याआधीच बसवणे.

देशात खेळाच्या प्रशिक्षकाला मिळणारा मोठा सन्मान द्रोणाचार्यांच्या नावाने दिला जातो. १९८५ मध्ये तो सुरू झाला आणि पहिल्या मानकऱ्यांत कुस्तीचे भालचंद्र भास्कर भागवत होते. खो-खोत राष्ट्रीय स्पर्धेतल्या सर्वोत्तम पुरुष खेळाडूला एकलव्य पुरस्कार देतात. गुरू आणि शिष्य दोघांचीही नावे आपल्या मैदानावर अशी रोज घेतली जातात, मग आदिपर्वातली त्यांची कथाही नीट वाचली पाहिजे. द्रोणांनी अर्जुनाला शब्द दिला होता की त्याच्यापेक्षा वरचढ शिष्य होणार नाही. निषादाचा मुलगा म्हणून ज्याला शिकवण्याचे त्यांनी नाकारले, तो पुतळ्यासमोर सराव करून वरचढ निघाला. तेव्हा गुरूने दक्षिणा म्हणून उजव्या हाताचा अंगठा मागितला. महाभारत सांगते की एकलव्याने तो प्रसन्न मुखाने कापून दिला, आणि त्यानंतर अर्जुनाच्या जिवाला स्वस्थता आली.

कीर्तनांतून आणि पाठ्यपुस्तकांतून ही कथा बहुतेक वेळा शिष्याच्या निष्ठेची म्हणून सांगितली गेली. तिच्यात मागणाऱ्याचे काय चुकले, याकडे लक्ष कमी गेले. मागणाऱ्याचा स्वार्थ स्पष्ट आहे: दुसऱ्या शिष्याला दिलेला शब्द, राजघराण्यातले स्थान. मागितलेली वस्तू म्हणजे ज्या अवयवावर विद्या उभी आहे तोच अवयव. आणि देणाऱ्याचा आनंद खरा आहे. त्याला कोणी धरून ठेवले नव्हते. म्हणूनच ही कथा आजच्या प्रश्नाला इतकी नेमकी लागते. मुलाने हसत दिले, तेवढ्याने मागणे न्याय्य ठरत नाही. जिथे एक जण दुसऱ्याला देव मानतो तिथे संमती मिळवणे फार सोपे असते, आणि त्यामुळेच न मागण्याची जबाबदारी सगळी मोठ्यावर येते.

परंपरेचा आधार घेऊन मुलांना गप्प बसवणाऱ्यांनी परंपरेतल्या दुसऱ्या जागाही पाहाव्यात. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत घरी निघालेल्या शिष्याला आचार्य बजावतात की आमचे जे चांगले आचरण असेल तेवढेच घे, बाकीचे घेऊ नकोस. गुरू स्वतःच्या तोंडाने स्वतःत दोष असू शकतात असे सांगतो, हे विलक्षण आहे. आपस्तंब धर्मसूत्र शिष्याला आचार्याच्या अधीन राहायला सांगते, पण पतनाला नेणाऱ्या कर्मांचा अपवाद त्याच वाक्यात करते. तेच सूत्र आचार्यालाही बांधते: संकटकाळ सोडून एरवी अध्ययनात विघ्न येईल अशा रीतीने शिष्याला स्वतःच्या कामाला जुंपू नये. सरावाच्या वेळात सरांची गाडी धुणारे, त्यांचे कपडे वाळत घालणारे पोर जिथे दिसते तिथे हे सूत्र आठवावे. दासबोधाच्या पाचव्या दशकात समर्थ रामदासांनी नालायक गुरूंची लक्षणे सांगून असे गुरू कवडीमोलाने मिळाले तरी टाकावेत, असे रोखठोक सांगितले आहे. ज्यांच्या प्रेरणेने गावोगावी मारुती आणि तालमी उभ्या राहिल्या असे मानले जाते, त्यांचाच हा निर्वाळा आहे.

माराच्या बाबतीत गौतम धर्मसूत्राची वाट आणखी पुढे जाते. शिष्याला शिस्त लावावी ती न मारता. तेवढ्याने भागत नसेल तर पातळ दोरीने किंवा वेळूच्या बारीक कांबीने. याहून वेगळ्या वस्तूने मारणाऱ्या गुरूला राजाने शिक्षा करावी. यातली सवलत आजच्या विवेकाला पटणारी नाही आणि या ग्रंथांमधली जातिभेदाची चौकटही कोणी विसरू नये. तरी या सूत्राच्या शेवटच्या भागात एक मूलभूत तत्त्व आहे. गुरू आणि शिष्य यांच्यातला मामला खासगी नाही. गुरूच्या हातावर राजाची नजर आहे. आश्रमाच्या कुंपणाबाहेरचा कोणीतरी आत येऊन विचारू शकतो, हे दोन हजार वर्षांपूर्वीही गुरुपदाचा अपमान समजले गेले नाही. आज एखाद्या क्रीडासंस्थेला तक्रार समिती नेमायला सांगितले की ‘आमच्यावर विश्वास नाही का’ असा सूर निघतो. त्या सुराला परंपरेत आधार नाही.

मारल्याने खेळाडू घडतो, ही समजूत मात्र हट्टी आहे. जपानमध्ये शालेय खेळांत मारण्याची पद्धत रुळलेली होती; अशा शारीरिक शिक्षेला तिथे ताइबात्सु म्हणतात. २०१२ च्या डिसेंबरमध्ये ओसाकातल्या एका शाळेच्या बास्केटबॉल संघाच्या सतरा वर्षांच्या कप्तानाने प्रशिक्षकाच्या मारहाणीनंतर आत्महत्या केली, तेव्हा तो देश हादरला. मार खाऊनही जे जिंकले ते पुढे मुलाखती देतात आणि माराचे श्रेय सांगतात. मारामुळे जे मैदान सोडून गेले त्यांना कोणी विचारत नाही. पुरावा असा एकाच बाजूचा उरतो.

काही छळ मारासारखा दिसतही नाही. कुस्तीत ‘वजन तोडणे’ हा रोजचा शब्द आहे. स्पर्धेच्या आदल्या रात्री तेरा वर्षांचा मुलगा दोन स्वेटरांवर प्लास्टिकचा रेनकोट चढवून पळतो. संध्याकाळपासून पाण्याचा घोट नाही. पळून झाले की काट्यावर चढतो, उतरतो, कोपऱ्यात बसून बाटलीत थुंकत राहतो, कारण थुंकीचेही ग्रॅम मोजले जातात. ओठ पांढरे पडलेले असतात. वस्ताद शेजारी उभा असतो, मनाने वाईट नसतो, त्याने स्वतः लहानपणी हेच केलेले असते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कुस्तीपटू विनेश फोगाट अंतिम लढतीच्या सकाळी गटाच्या वजनमर्यादेपेक्षा १०० ग्रॅमने जास्त भरली. त्याआधीच्या रात्री तिने शरीराला काय दिले आणि काय नाकारले हा एका प्रौढ, जाणत्या खेळाडूचा निर्णय होता. तेच तेराव्या वर्षी दुसऱ्याने करवले तर कृती तीच राहूनही तिचा नैतिक अर्थ पालटतो. वाढत्या हाडांचे पाणी तोडण्याचा अधिकार आईबापांनाही नाही, मग त्यांनी तो वस्तादाला कुठून द्यावा?

ओडिशाच्या बुधिया सिंग या मुलाने हाच प्रश्न साऱ्या देशापुढे आणला. २ मे २००६ रोजी, चौथ्या वर्षी, तो पुरीहून भुवनेश्वरच्या दिशेने ६५ किलोमीटर पळाला. ७ तास २ मिनिटे. रस्त्याच्या दुतर्फा लोक टाळ्या वाजवत होते. मुलाला पळायला आवडते, असे सांगितले जात होते, आणि ते खरेही असेल. गरीब घरातल्या त्या पोराला प्रशिक्षकाने आसरा दिला होता, हेही खरे. पण चार वर्षांच्या मुलाला ‘थांबतो’ म्हणण्याची मुभा आहे हेच कळत नाही. ज्याला थांबता येत नाही त्याच्या पळण्याला आवड म्हणता येत नाही. गीतेने कर्म करणाऱ्यालाच फळाच्या आसक्तीपासून सावध केले. इथे तर कर्म मुलाच्या शरीराचे असते आणि फळाची आसक्ती भोवतालच्या मोठ्यांची.

वयचोरीचा मार्ग तर घरातूनच निघतो. चौदा वर्षांखालच्या गटात सोळाचा मुलगा उतरवण्यासाठी जन्मदाखला बदलला जातो. पालक आणि प्रशिक्षक दोघेही त्यात असतात आणि मुलाला बजावले जाते की कोणी विचारले तर हेच साल सांग. बाकीच्या मुलांवर अन्याय होतो तो वेगळाच. या मुलाच्या गळ्यात एक गुपित बांधले जाते, आणि ज्याला ते ठाऊक आहे त्याच्या मुठीत मूल कायमचे जाते. पुढे काही घडले तर ते कोणत्या तोंडाने बोलणार?

मुले बोलत नाहीत याची कारणे हरियाणातल्या एका जुन्या खटल्यात स्पष्ट दिसतात. १९९० च्या ऑगस्टमध्ये चौदा वर्षांच्या टेनिसपटू मुलीचा राज्य टेनिस संघटनेच्या अध्यक्षाने विनयभंग केला. तो पोलीस महानिरीक्षकही होता. तक्रारीनंतर मुलीला शाळेतून काढले गेले, तिच्या भावावर एकामागून एक चोरीचे गुन्हे लागले. १९९३ च्या डिसेंबरमध्ये तिने विष घेतले. शिक्षा झाली २००९ च्या डिसेंबरमध्ये, सहा महिन्यांची. पुढे ती वाढून दीड वर्ष झाली आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम ठेवून भोगलेल्या कैदेवर प्रकरण मिटवले. या काळोख्या हकिकतीत एकच दिवा आहे. त्या दिवशी मुलीसोबत तिची मैत्रीण होती, तिने पाहिले होते. ती आणि तिचे आईवडील एकोणीस वर्षे मागे हटले नाहीत. मुलगी त्यांच्या रक्ताची नव्हती.

अमेरिकेत जिम्नॅस्टिक्सच्या राष्ट्रीय संघाचा डॉक्टर लॅरी नॅसर उपचाराच्या नावाखाली मुलींचा गैरफायदा घेत राहिला. त्याच्याविरुद्ध बोलणे १९९७ पासून सुरू झाले होते. २०१८ च्या जानेवारीत १५६ जणींची निवेदने न्यायालयात झाली आणि त्याला ४० ते १७५ वर्षांची शिक्षा सुनावली गेली. मधल्या वीस वर्षांत ऐकणारे कान होते, पण त्यांना संस्थेचे नाव प्रिय होते. केरळात अलप्पुळ्याच्या जलक्रीडा केंद्रात २०१५ च्या मे महिन्यात चार मुलींनी विषारी फळ खाल्ले, त्यातली एक गेली. वरिष्ठांकडून छळ झाल्याचा आरोप घरच्यांनी केला. धोका प्रत्येक वेळी प्रशिक्षकाकडूनच येतो असे नाही. निवासी ठिकाणी दोन वर्षांनी मोठे मूलही सत्ताधीश असते.

इकडे मराठी घरांत या सगळ्यावर ‘अब्रू’ हा शब्द पांघरला जातो. मुलीच्या बाबतीत लग्नाची काळजी, मुलाच्या बाबतीत ‘पैलवानाला कोण काय करणार’ ही फुशारकी. मुलग्यांवरचा अत्याचार या फुशारकीमुळे अधिक खोल दडतो. अब्रू गुन्हा करणाऱ्याची जाते, ज्याच्यावर गुन्हा झाला त्याची नाही, एवढी साधी उलटापालट घरात झाली तर निम्मी मुले पहिल्याच दिवशी बोलतील.

कायद्याने ही उलटापालट केलेली आहे. १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू असलेल्या, बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्यात विश्वासाच्या किंवा अधिकाराच्या स्थानावरून केलेला अत्याचार अधिक गंभीर मानला जातो. गुरुपद तिथे गुन्हा वाढवते. कलम १९ नुसार असा गुन्हा घडल्याचे ज्याला ठाऊक आहे त्या प्रत्येकावर तो कळवण्याचे बंधन आहे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत आणि संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मुलाची तक्रार खोटी ठरली तरी मुलाला शिक्षा नाही. त्याची ओळख उघड करता येत नाही. १०९८ हा बालकांसाठीचा मदतक्रमांक मूल स्वतः फिरवू शकते. २०२३ च्या जानेवारीत महिला कुस्तीपटू लैंगिक छळाच्या आरोपांवरून दिल्लीत जंतरमंतरवर आंदोलनाला बसल्या तेव्हा तक्रार ऐकणारी नीट समितीच कुस्ती महासंघात नसल्याचे उघड झाले. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने महिला आणि अल्पवयीन खेळाडूंच्या सुरक्षिततेचे धोरण संघटनांवर बंधनकारक केले. कलम १९ मधले बंधन तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने सर्वांत दूरगामी आहे. पाहणारा तटस्थ असतो, ही कल्पना ते मोडते. मैदानाच्या कडेला बसलेले पालक, ग्राउंडमन, स्वयंपाकी, बसचा चालक, सारेच साक्षी असतात आणि साक्षीला गप्प राहण्याचा हक्क नाही.

यावर एक प्रामाणिक आक्षेप येतो. हात न लावता कुस्ती शिकवता येत नाही, मल्लखांबावर पोराला आधार द्यावाच लागतो; प्रत्येक स्पर्शावर संशय घेतला तर शिकवणार कोण? आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तर स्पर्श बंद करण्यात नाही. उत्तर उजेडात आहे. भरल्या आखाड्यात सगळ्यांसमोर मानेवर पडणारा वस्तादाचा हात आणि बंद खोलीत मालिशच्या निमित्ताने फिरणारा हात यांतला फरक आठ वर्षांच्या मुलालाही कळतो. कळत नाही ते एवढेच की तो बोलून दाखवायचा असतो. परगावच्या स्पर्धेत मोठ्या माणसाने मुलासोबत एका खोलीत झोपायचे नाही, मुलींच्या संघाबरोबर बाई हवीच, मोबाइलवर मुलाशी बोलणे पालकांना दिसेल असे हवे, संघनिवड एकाच्या हाती नको, तक्रार ऐकणारा माणूस संस्थेबाहेरचा हवा. चांगल्या प्रशिक्षकाचे यात काहीच जात नाही; खोट्या आळापासून त्यालाही हेच नियम वाचवतात.

मग गुरुदक्षिणेचे काय? ती या नात्यातून काढून टाकण्याची गरज नाही. तिची दिशा कोणती असावी, ते कोल्हापूरच्या एका घटनेत दिसते. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा कांस्यपदक घेऊन परतले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आल्यावर त्यांनी कुस्त्यांचे फड भरवले, लढले, आणि जमलेल्या पैशातून प्राचार्यांचे घर सोडवून दिले.